बातमीच्या पुढचा माणूस : कादंबरीतलं पात्र कसं उभं करावं

यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९७३ साली ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. या दुसऱ्या संमेलनाचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. त्यांच्या शेतकरी पतीनं आत्महत्या केली होती. त्यानंतर घर आणि मुलं त्यांनीच सांभाळली, पुढे ‘तेरवं’ या नाटकात भूमिकाही केली आणि संमेलनाच्या व्यासपीठावरून स्वतःचं म्हणणं स्वतः मांडलं.

आपल्या जिल्ह्यात कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं या घटनेकडे कथाकाराच्या नजरेनं बघावं असं मला मनापासून वाटतं. नवरा गेल्याची बातमी एका दिवसात छापून होते. बायकोला मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज काही ना काही ठरवावं लागतं : बियाणं कुणाकडून आणायचं, पोरीला पुढे शिकवायचं का, माहेरी जायचं की इथंच राहायचं. कादंबरीचा माल या ठरवण्यात आहे. बातमी जिथे थांबते, तिथून कादंबरीनं पुढे चालायचं असतं.

१९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं जीवन संपवलं. तेव्हापासून यवतमाळचं नाव निघालं की ऐकणाऱ्याच्या मनात एकच चित्र उभं राहतं. भेगाळलेली जमीन, कर्ज, सावकार आणि शेवट. तुमचा वाचकही हेच चित्र मनात घेऊन पुस्तक उघडणार. त्याला ओळखीचं तेच पुन्हा दिलंत तर तो हळहळेल आणि पुस्तक मिटून ठेवेल. त्याच गावात त्याला न भेटलेला एक माणूस दाखवलात, तर तो तुमच्याबरोबर शेवटच्या पानापर्यंत येईल. हा माणूस कसा उभा करायचा, ते एक काल्पनिक पात्र घेऊन टप्प्याटप्प्यानं पाहू.

विषय बाजूला ठेवा, माणूस समोर घ्या

‘मला शेतकरी विधवांच्या प्रश्नावर कादंबरी लिहायची आहे’ असं नवे लेखक म्हणतात. हेतू चांगला असतो, पण या वाक्यात माणूस कुठेच नसतो. लेखाला, भाषणाला प्रश्न पुरतो. कादंबरीला एक विशिष्ट बाई लागते, जिच्यासारखी दुसरी बाई त्या गावात नाही.

समजा, तिचं नाव रुखमा. दारव्हा तालुक्यातलं गाव, वय चाळिशीच्या आसपास. नवरा जाऊन काही वर्षं झाली. घरात सासरा, शेजारी देराचं बिऱ्हाड. एकुलती मुलगी पूजा बारावीला आहे. रुखमा दोन एकर वावर स्वतः कसते, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर आहे.

इथपर्यंत नुसती माहिती झाली. आता हिला इतरांपासून वेगळं करणाऱ्या गोष्टी शोधा. ती हिशेब तोंडपाठ ठेवते, कागदावर मांडत नाही. लग्नात जेवायला बसली तरी उठण्याची घाई करते. नवऱ्याची सायकल तिनं विकलेली नाही आणि कुणाला वापरूही देत नाही. असे दहा-पंधरा तपशील वहीत लिहा. पुढे त्यातले दोन-तीनच कादंबरीत येतील. बाकीचे तुम्हाला माहीत असल्यामुळे तिच्या वागण्यात सुसंगती राहील.

तिला काय हवंय, एका वाक्यात लिहा

पात्राला पानावर जिवंत ठेवते ती त्याची ओढ. ‘सुखी व्हायचंय’ ही ओढ फार ढोबळ झाली. रुखमाला सातबाऱ्यावर स्वतःचं नाव हवं आहे. ही गोष्ट डोळ्यांना दिसते, मिळाली की नाही ते शेवटी कळतं आणि ती मिळवण्यासाठी तिला घराबाहेर पडावं लागतं.

मग विचारा, नाव नसल्यानं तिचं रोज काय अडतं? तिला स्वतःच्या नावावर पीककर्ज मिळत नाही. कापूस वेचते ती, पण तो सासऱ्याच्या सातबाऱ्यावर विकला जातो आणि पैसे सासऱ्याच्या खात्यात जमा होतात. पूजाच्या फीसाठी स्वतःच्या कष्टाचे पैसे तिला मागून घ्यावे लागतात. ‘स्त्रीचं दुय्यमत्व’ हे शब्द कादंबरीत एकदाही न येता ते वाचकाला बँकेच्या पासबुकात दिसतं.

या उघड ओढीच्या खाली आणखी एक ओढ असते, आणि ती पात्राला स्वतःलाही पुरती ठाऊक नसते. या घरात आपण उपरी नाही, हे रुखमाला सासऱ्याच्या तोंडून ऐकायचं आहे. वरची ओढ गोष्ट पुढे नेते, खालची ओढ वाचकाला धरून ठेवते. कादंबरीच्या शेवटी कधी पहिली पुरी होते आणि दुसरी राहून जाते, कधी उलटं होतं. तुमच्या गोष्टीचा शेवट यातूनच निघेल.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली. ती या नजरेनं पुन्हा वाचा. वऱ्हाडातल्या गरीब घरातली कौतिक आजही वाचकांच्या लक्षात आहे. ती सोसते म्हणून तिची कीव येते असं नाही. ती सतत काहीतरी करू पाहते. नवरा महादेव, मुलं, दारिद्र्य या सगळ्यांच्या ओढाताणीत संसार सावरायची तिची धडपड थांबत नाही. सोसणं चितारणं सोपं असतं. धडपड चितारली तरच सोसण्याला वजन येतं.

आड येणाऱ्यालाही त्याचं कारण द्या

रुखमाच्या वाटेत सासरा आहे. त्याला हलकट केलंत तर काम सोपं होईल आणि कादंबरी तिथंच पडेल. त्याच्या जागी बसून विचार करा. त्याचा एक मुलगा गेला आहे. जमिनीवर सुनेचं नाव चढवलं, तर मुलगा परत येणार नाही यावर त्यानंच सही केल्यासारखं होईल, असं त्याला आत कुठेतरी वाटतं. हे तो कुणाला सांगू शकत नाही. म्हणून दर वेळी तो वेगळी सबब काढतो. कधी तलाठी भेटत नाही, कधी गुडघा दुखतो.

देरालाही त्याची अडचण द्या. त्यानं बायकोपासून लपवून कर्ज काढलं आहे आणि तारण म्हणून त्याच्या मनात ते दोन एकर आहेत. आता तिघांच्या तीन गरजा एकाच जमिनीवर येऊन भिडल्या. तिघांपैकी कुणीही वाईट माणूस नाही, तरी संघर्ष अटळ आहे. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ साली आली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातले शिकलेला शेतकरी एकनाथ आणि त्याची बायको अलका एकाच छपराखाली दोन वेगळी आयुष्यं मागतात. वाचताना आपण एकदा याच्या बाजूला जातो, एकदा तिच्या. लेखकानं दोघांनाही न्याय दिला की असं होतं.

यासाठी एक सराव करा. तुमच्या कादंबरीतल्या सर्वांत कठोर माणसाच्या तोंडून एक पानभर त्याची बाजू लिहा. ते पान वाचून तुम्हालाच क्षणभर त्याचं पटायला हवं. पटलं नाही, तर ते पात्र अजून कच्चं आहे.

दोन्हीकडे नुकसान असेल असा निर्णय

माणूस कसा आहे हे त्याच्या वर्णनातून कळत नाही. दोन गोष्टींपैकी एक सोडावी लागते, तेव्हा तो काय सोडतो यावरून कळतं. देर एके दिवशी रुखमाला सांगतो : पूजाच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा सगळा खर्च मी करतो, तू वाटणीचं नाव काढू नको. हो म्हटलं तर पोरगी यवतमाळला शिकायला जाते आणि जमीन जाते. नाही म्हटलं तर जमिनीचा हक्क टिकतो आणि पोरीचं वर्ष जातं. कादंबरीच्या मध्यावर असा प्रसंग आला पाहिजे आणि तो सोडवायला बाहेरून कुणी येता कामा नये. अचानक मंजूर झालेली सरकारी मदत, शहरातून आलेला दयाळू अधिकारी किंवा नेमक्या वेळी पडलेला पाऊस पात्राच्या हातातला निर्णय हिसकावून घेतो.

निर्णय झाल्यावर त्याची किंमतही दाखवा. रुखमानं नाही म्हटलं, तर पूजा त्या रात्री आईशी कशी वागते? सकाळी डबा नेते की ओट्यावरच ठेवून जाते? मोठ्या निर्णयाचा परिणाम अशा लहान कृतींत दाखवायचा असतो.

भीतीसारखी मनातली गोष्टही कृतीतून दाखवता येते. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ सालचा चित्रपट पाहा. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर एका बाईला नवऱ्याची काळजी लागते. ती तसं बोलून दाखवत नाही, मुलाला बापाच्या मागे लावून देते. तिची भीती आपल्याला पोराच्या पायांतून दिसते. लिहिताना स्वतःला विचारत राहा : या भावनेपोटी हा माणूस नेमकं काय करेल?

गोष्ट सांगतो कोण?

तीच गोष्ट रुखमा सांगेल तेव्हा वेगळी होईल, पूजा सांगेल तेव्हा वेगळी. निवेदक ठरवताना तीन प्रश्न विचारा : याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि हा काय लपवेल?

मराठीत या निवडीची उत्तम उदाहरणं आहेत. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ मध्ये नायिका यमूलाच बोलायला लावलं. त्यामुळे त्या काळच्या वाचकाला बाईच्या आयुष्याची घुसमट आतून ऐकावी लागली. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) शिंप्याची बायको आपल्या बोलीत सगळं सांगते आणि घराची वाताहत आपल्याला स्वयंपाकघरातून दिसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) सांगणारा तरुण मास्तर बाहेरून गावात आलेला आहे. गाव त्याला जसजसं उलगडतं, तसतसं ते आपल्यालाही उलगडतं.

यावरून आपल्यासाठी काही सोपे नियम निघतात. आतली जखम दाखवायची तर आतल्या माणसाला बोलू द्या. अनोळखी जग दाखवायचं तर नव्यानं आलेल्याला सांगू द्या. अनेकांची बाजू हवी असेल तर तृतीयपुरुषी निवेदन घ्या, पण एका प्रसंगात एकाच माणसाच्या मनात राहा. एका परिच्छेदात रुखमाच्या मनात आणि लगेच पुढच्या वाक्यात सासऱ्याच्या मनात शिरलात, तर वाचकाची पकड सुटते.

सरावासाठी कापूस विकायला नेल्याचा एकच प्रसंग तीनदा लिहा : रुखमाच्या नजरेतून, पूजाच्या नजरेतून आणि बाजारातल्या मापाऱ्याच्या नजरेतून. ज्या रूपात सर्वांत जास्त काही न बोललेलं शिल्लक राहील, ते रूप बहुधा तुमच्या कादंबरीचं असतं.

बोलण्यात सगळं बोलू देऊ नका

नव्या लेखकाची पात्रं एकमेकांना माहीत असलेली माहिती एकमेकांना सांगतात, म्हणजे खरं तर वाचकाला सांगतात :

“मामाजी, माझे पती वारल्यापासून मीच हे शेत कसते. सातबाऱ्यावर माझं नाव नसल्यामुळे मला पीककर्ज मिळत नाही. कृपया माझं नाव लावा.”

आता हेच मागणं असं ऐका :

“मामाजी, उद्या तलाठी येनार हाये म्हन्तात.”
“येऊ दे न मंग.”
“आधारकार्ड कुठी ठेवलं तुमचं?”
“पऱ्हाटीले खत देलं का?”
“देलं.”
“सगळ्या तासाईले?”
“सगळ्या.”

सातबारा हा शब्दही आला नाही, पण तिला काय हवं आहे, त्याला ते कळलं आहे आणि तो टाळतो आहे, हे तिन्ही वाचकाला समजलं. संवाद लिहून झाला की पात्र जे उघड बोललं आहे त्यातलं निम्मं खोडून पाहा. बहुतेक वेळा उरलेलं निम्मं जास्त बोलतं.

बोलीबद्दल आपल्या जिल्ह्यात विशेष सावध राहावं लागतं, कारण इथे एकच बोली नाही. वऱ्हाडी आहे, तांड्यावरची गोरमाटी आहे, गोंडी आहे, कोलामांच्या पोडावरची कोलामी आहे. तेलंगणाच्या सीमेलगत झरी-जामणी, पांढरकवड्याकडे तेलुगूही कानावर पडते. शिवाय एकच माणूस ठिकाणाप्रमाणे भाषा बदलतो. तांड्यावरचा मुलगा आईशी गोरमाटी बोलेल, दुकानात वऱ्हाडी आणि तहसीलमध्ये पुस्तकी मराठी. हा बदल टिपलात, तर त्याचा दबलेपणा किंवा धिटाई वेगळी सांगावी लागत नाही. बोली नुसत्या हशासाठी मात्र कधी वापरू नका. वऱ्हाडीत रडताही येतं, रागावताही येतं आणि अवघड विचारही मांडता येतो. जी बोली तुमच्या कानात नाही ती अंदाजानं लिहू नका. त्या माणसांत जाऊन बसा, नाहीतर ते बोलणं निवेदनातून द्या.

गोष्ट कशी सांगावी हे शिकण्यासाठी लांब जायचीही गरज नाही. परधान गायकांनी किंगरी या वाद्यावर गोंडांच्या कथा पिढ्यान्पिढ्या गाऊन जपल्या आहेत. दंडार आहे, होळीच्या लेंगी आहेत, पोळ्याच्या झडत्या आहेत. ऐकताना लक्ष ठेवा, सांगणारा कुठे थांबतो, कुठे घाई करतो, कोणतं नाव पुन्हा पुन्हा घेतो. ती लय तुमच्या गद्यात उतरली पाहिजे.

गाव तिच्या डोळ्यांनी दिसू द्या

कादंबरीचं पहिलं प्रकरण गावाच्या वर्णनानं भरून टाकू नका. जागा पात्राच्या गरजेतून दिसली पाहिजे. यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापूस वाहून नेण्यासाठी सुरू झाली आणि आता बंद आहे. तिचा इतिहास कादंबरीत एक पानभर दिलात तर तो माहितीपुस्तकातला उतारा होईल. सासऱ्यासाठी शकुंतला म्हणजे गेलेल्या पोराला जत्रेला नेलं तो दिवस. पूजासाठी दारव्ह्याहून यवतमाळला जायला बसचे पैसे लागतात, एवढीच गोष्ट. वस्तू एकच असली तरी दोन माणसं तिच्याकडे आपापल्या आयुष्यातून बघतात.

भीतीलाही जागा असते. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात वाघिणीची दहशत होती. तेव्हा वावरात एकट्यानं जाणं अवघड झालं होतं. अशा गावातली कादंबरी लिहिताना जंगलाचं लांबलचक वर्णन करण्यापेक्षा जागलीला कोण जातं, कोण नाही म्हणतं आणि नाही म्हणणाऱ्याला बायको काय म्हणते, ते लिहा.

हंगामाला गोष्टीचा कणा करा

पुष्कळ हस्तलिखितांत प्रसंग चांगले असतात, पण ते नुसते एकापुढे एक येतात. प्रत्येक प्रसंगानंतर विचारा : यामुळे पुढे काय घडलं? उत्तर मिळालं नाही तर तो प्रसंग कितीही सुंदर असला तरी काढून ठेवा.

कास्तकाराच्या वर्षात मुदती आयत्याच असतात आणि मुदतीमुळे गोष्टीत ताण येतो. मृगाच्या आधी बियाण्याचे पैसे उभे करायचे आहेत, आणि रुखमाच्या नावावर कर्ज नाही. पाऊस दडी मारतो, दुबार पेरणीचं संकट येतं, म्हणून ती देराकडे हात पसरते. तेव्हा तो अट घालतो. पोळ्याला बैल कुणाच्या दारातून निघतील यावरून मनं दुखावतात. वेचणीआधी सीतादहीची पूजा होते. ती पूजा रुखमा कुणाला न विचारता स्वतः करते, आणि ही गोष्ट सासऱ्याच्या कानावर जाते. कापूस विकला जातो, पैसे भलत्या खात्यात पडतात. मार्चअखेर बँकेचा माणूस देराच्या दारात येतो आणि त्याचं लपवलेलं कर्ज उघडं पडतं. यातला प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगातून निघतो आणि शेवटचा निर्णय पुन्हा रुखमा व सासरा या दोघांवर येऊन थांबतो.

काळ जितका आखीव, तितकी गोष्ट घट्ट. अमरावतीत जन्मलेल्या विश्राम बेडेकरांनी ‘रणांगण’ (१९३९) युरोपातून निघालेल्या बोटीच्या प्रवासात बांधली. किनारा येणार आणि माणसं दुरावणार, हे वाचकाला आधीपासून दिसत असतं. पहिली कादंबरी लिहिणाऱ्यानं तीन पिढ्यांचा पसारा मांडण्याऐवजी एक हंगाम घ्यावा.

खऱ्या माणसांशी इमान राखा

आपण छोट्या गावांत राहतो. कुणाच्या घरचं दुःख कादंबरीत आलं की गाव ते ओळखतं. म्हणून कोणत्याही एका कुटुंबाची कहाणी जशीच्या तशी उचलू नका. चार ठिकाणच्या गोष्टी एकत्र करा, नातं बदला, गाव बदला, व्यवसाय बदला. कुणाशी बोलायला गेलात तर आपण लिहितो हे आधी सांगा, आणि त्यांनी ‘हे लिहू नका’ म्हटलं ते लिहू नका. ज्यांनी आयुष्यात पुष्कळ गमावलं आहे त्यांच्याकडून गोष्टही ओरबाडून घ्यायची नसते. मृत्यूचा प्रसंग लिहावाच लागला तर त्याचा तपशील रंगवू नका. मागे राहिलेल्यांबरोबर थांबा.

माहितीची बाजूही पक्की असू द्या. फेरफार कसा होतो, सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर कोणते कागद मागतात, फवारणीच्या दिवशी माणूस कधी जेवतो, हे विचारून घ्या. कास्तकार वाचकाला एक चूक दिसली की पुढच्या पानावरचा त्याचा विश्वास उडतो.

आता लिहायला बसा

आधी एका पानावर चार ओळी लिहा : माझ्या माणसाला काय हवंय, आड कोण आहे, त्या आड येणाऱ्याचं कारण काय, आणि कोणत्या निर्णयात माझ्या माणसाला काहीतरी गमवावं लागेल. मग सुरुवातीपासून लिहायच्या भानगडीत न पडता थेट तो निर्णयाचा प्रसंग लिहा. तो लिहिताना तुमचं पात्र तुम्ही ठरवलं होतं त्यापेक्षा वेगळं वागू लागलं, तर त्याला अडवू नका, आराखडा बदला. पहिला खर्डा पुरा होईपर्यंत मागे जाऊन दुरुस्त्या करू नका. पुरा झाला की मोठ्यानं वाचा, शक्य असेल तर अशा माणसापुढे वाचा ज्यानं ते आयुष्य जगलं आहे. ऐकताना तो कुठे चुळबुळ करतो तिथे खूण करा आणि तेवढं पुन्हा लिहा.

या जिल्ह्याबद्दल बाहेरच्यांनी खूप लिहिलं आहे, आकडेही पुष्कळ मोजले गेले आहेत. इथल्या माणसांना काय हवं होतं आणि त्यांनी त्यासाठी काय केलं, हे सांगणाऱ्या कादंबऱ्या अजून फार थोड्या आहेत. त्या इथल्याच कानांनी ऐकून आणि इथल्याच हातांनी लिहिल्या जायला हव्यात. या हंगामात तुमच्या रुखमाचं नाव ठरवा आणि तिचा पहिला निर्णय कागदावर उतरवा.